पाळण्यावरची चिमणी

तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या माळवदाला, मधल्या तुळईत, एक लोखंडी कडी ठोकलेली होती. घरातली लेक बाळंतपणाला माहेरी आली की त्या कडीला पाळणा लागायचा आणि पाळण्याच्या वर चिमणाळं टांगलं जायचं. बांबूच्या दोन कामट्या आडव्या-उभ्या बांधलेल्या, त्यांच्या टोकांना दोऱ्यानं लोंबणाऱ्या कापडाच्या चिमण्या आणि राघू, मधोमध जरा मोठा मोर. अंगाला चोळखणांची उरलेली चिरगुटं, पोटात कापूस. दारातून वारा आला की सगळी पाखरं हळूच फिरायची आणि खाली पडलेलं लेकरू हातपाय झाडत त्यांच्याकडे बघत राहायचं.

आता बारशाला जाताना हीच चिमणी फेल्टमधून शिवणाऱ्या मुली मला दिसतात. फेल्ट म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात रंगीत चौकोनी पत्र्यांसारखं मिळतं ते जाडसर, मऊ कापड. कातरलं तरी त्याचे दशीदोरे सुटत नाहीत, कडा दुमडावी लागत नाही, मशिन लागत नाही. सुई-दोरा आणि कात्री हातात धरता येणाऱ्या कुणालाही दोन तासांत एक पाखरू जमतं. हाताने शिवलेली भेट परत येते आहे याचा मला फार आनंद आहे. म्हणूनच हे कापड काय आहे, कोणत्या वयाच्या लेकराला ते द्यावं आणि कोणत्या वयाला देऊ नये, हे नीट सांगावंसं वाटतं.

लहानग्यासाठी शिवून देण्याची आपली जुनी, भरगच्च रीत म्हणजे बाळंतविडा. लेक बाळाला घेऊन सासरी निघाली की माहेरचे तो बांधून देतात. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी, पायमोजे, बाळगुटीचं सामान, काजळाची डबी आणि सगळ्यांत वर कुंची. कुंची म्हणजे टोपीला मागे कमरेपर्यंत सोडलेला पदर जोडलेला असतो तो पोशाख. आमच्याकडे ती बहुतेक खणाची. तुळजाभवानीमुळे या भागात ओटीच्या खणांना तोटा नाही. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागावर विणलेला खण देवीच्या ओटीत जातो, प्रसाद म्हणून एखाद्या घरी येतो आणि वर्षभरानं त्या घरच्या नातवाच्या डोक्यावर कुंची होऊन बसतो.

या विड्यातल्या वस्तू हातात घेऊन बघाव्यात. झबल्याला बटण नसतं, मागे बांधायचे बंद असतात. पुष्कळ जुन्या बायका तान्ह्याच्या झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवत, म्हणजे कातडीला टाका टोचायला नको. दुपटं म्हणजे नावाप्रमाणे दोन पट. आजीचं धुऊन धुऊन विरलेलं लुगडं दुहेरी करून त्यावर धावदोरा घातलेला. नवं कोरं कापड बाळाला लगेच घालायचं नाही, आधी जुनं घालायचं, ही रीत पुष्कळ घरांत पाळली जायची. त्यामागे दृष्ट लागण्याची भीती होती. शिवाय एके काळी तान्ही बाळं इतकी दगावत की नव्याचा थाट करायला मन धजत नसे. पण कापडाच्या अंगानं पाहिलं तरी ती रीत शहाणीच ठरते. नव्या सुती कापडात खळ असते, जास्तीचा रंग असतो, तयार करताना वापरलेली रसायनं असतात. शंभरदा धुतलेल्या लुगड्यातून हे सगळं निघून गेलेलं असतं, धागे सैलावलेले असतात, त्यामुळे ते पाणी पटकन शोषतं आणि लवकर वाळतं. तान्ह्याची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते, त्यामुळे तिला हा फरक लगेच कळतो.

सुती कापडाचं आमच्या धाराशिव जिल्ह्याशी नातं फार जुनं आहे. आजचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात तगराहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाणाऱ्या मालात साधं कापड आणि मलमल यांचा उल्लेख आहे. तेरच्या वस्तुसंग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या सातवाहनकालीन वस्तू पाहायला मिळतात, त्यांत भाजलेल्या मातीच्या आणि पांढऱ्या केओलीन मातीच्या सुबक मूर्ती आहेत. त्या काळी तेरमधल्या आयांनी लेकरांसाठी चिंध्यांची पाखरं शिवली असतील, तर ती मातीत केव्हाच विरून गेली. आपल्या हवेत कापड जमिनीखाली टिकत नाही.

फेल्टची गोष्ट मात्र कापसाची नाही, लोकरीची आहे. लोकरीचा स्वेटर चुकून कढत पाण्यात धुतला आणि तो आटून, जाड होऊन लहान मुलाच्या मापाचा झाला, हे पुष्कळ घरांत घडलेलं असतं. त्या घरात फेल्टच तयार झालेलं असतं. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्या सगळ्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे असतात. गरम साबणाच्या पाण्यात खवले उघडतात. वर चोळलं की केस एकाच दिशेनं सरकतात, एकमेकांत शिरतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. चोळत राहावं तसं जाळं घट्ट होत जातं. विणकाम नाही, ताणा नाही, बाणा नाही. म्हणूनच कुठेही कातरलं तरी धागा सुटत नाही, कारण सुटायला मुळात धागाच नसतो. हिंदी-उर्दूत याला नमदा म्हणतात. काश्मीरचे आणि राजस्थानातल्या टोंकचे नमदे प्रसिद्ध आहेत.

मग आपल्याकडे मेंढ्या असताना नमदा का रुजला नाही? दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ आणि बहुतांशी काळी-करडी. धनगर बायका ती कातत, सनगर ती खड्ड्याच्या मागावर विणत आणि चिंचोक्याची खळ देऊन तिची घोंगडी करत. पावसात राखणीला उभं राहायचं असेल तर तिच्यासारखं पांघरूण नाही. पण ती लेकराच्या गालाला लावण्याची वस्तू नाही. जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेणारी उस्मानाबादी शेळी आहे खरी, पण तिचे आखूड, गुळगुळीत केस चोळून त्यांचा नमदा होणार नाही. तेव्हा मऊ लोकरीचं फेल्ट आमच्याकडे बाहेरूनच आलं.

आणि बाजारात जे ‘फेल्ट’ मिळतं ते बहुधा लोकरीचं नसतंच. ते पॉलिएस्टरचं किंवा ॲक्रिलिकचं असतं. काटेरी सुया हजारो वेळा टोचून त्यातले तंतू यंत्रावर एकमेकांत गुंतवलेले असतात. ओळखायचं असेल तर कडेची चिमूटभर कातरण चिमट्यात धरून पेटवावी. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे बोटानं चुरडता येणारी राख राहते. कृत्रिम तंतू वितळतो आणि त्याचा कडक काळा मणी होतो. स्वस्त फेल्टवर थोड्याच दिवसांत गोळे येतात, तंतू सुटू लागतात, आणि लेकरानं ते चोखलं तर तो पिंजलेला तंतू त्याच्या जिभेवर जातो.

लोकरीचं फेल्ट हवंच असेल तर घरातला जुना स्वेटर बाहेर काढावा. तो निव्वळ लोकरीचा हवा. ‘मशिनमध्ये धुता येईल’ असं लेबल असलेल्या लोकरीवर बहुधा खवले दाबून टाकणारी प्रक्रिया झालेली असते, ती आटत नाही. गरम पाण्यात साबण विरघळवून स्वेटर बुडवावा, लाकडी दांड्यानं ढवळावा, पाणी हाताला सोसेल इतकं निवलं की जोरात चोळावा, थंड पाण्यात काढावा, पुन्हा गरम पाण्यात घालावा. विणीचे टाके दिसेनासे झाले की सावलीत वाळवून कोपरा कातरून बघावा. दोरा सुटला नाही म्हणजे कापड तयार. एका मोठ्या माणसाच्या स्वेटरमधून डझनभर पाखरं निघतात. आजोबांच्या स्वेटरची चिमणी पणतूच्या पाळण्यावर फिरते, या गोष्टीपुढे मला दुकानातली कोणतीच भेट मोठी वाटत नाही.

फेल्टची पाखरं टांगण्याची हौस आपल्यापुरती नाही. सैबेरियातल्या अल्ताय पर्वतात पाझिरिक इथे बर्फात गोठलेली थडगी सापडली. सर्गेई रुदेन्को यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या उत्खननात तिथे फेल्टचे, आत भरण घालून शिवलेले हंस निघाले. ते सुमारे २,३०० वर्षांपूर्वीचे आहेत आणि रथाच्या छतावरची सजावट असावेत असं मानतात. बर्फानं ते जपले. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. त्यांचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजोळच्या कडीचीच आठवण झाली.

दुसरी आठवण ठेवावी अशी बाई जर्मनीतली. मार्गारेट श्टाइफ, जन्म १८४७. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हातही अधू राहिला. तरी ती शिवणकाम शिकली आणि १८७७ साली गिंगेन गावात तिनं फेल्टच्या कपड्यांचं दुकान काढलं. १८८० साली एका मासिकातल्या नमुन्यावरून तिनं टाचण्या खोचायला फेल्टचे छोटे हत्ती शिवले. गिऱ्हाइकांनी ते नेले टाचण्यांसाठी, पण घरी गेल्यावर मुलांनी ते पळवले. सहा वर्षांत पाच हजारांहून अधिक हत्ती विकले गेले. जगातला कापडी खेळण्यांचा एक मोठा कारखाना त्या हत्तीवर उभा राहिला. शिवणारीनं वस्तू कशासाठीही केली असो, लेकरू तिचं काय करायचं ते स्वतः ठरवतं.

हे मला माझ्याच हातून कळलं. भाचीच्या मुलाला मी फेल्टचा राघू शिवून दिला होता. डोळ्यांना काळे चकचकीत मणी लावले, दोरा दोनदा ओढून पाहिला आणि समाधान मानलं. आठ महिन्यांच्या त्या लेकरानं महिनाभर राघूचं डोकं चोखलं. ओलाव्यानं फेल्ट मऊ पडलं, टाका सैल झाला आणि एके दुपारी त्याच्या आजीनं त्याच्या गालातून मणी बोटानं काढला. दोरा तुटला नव्हता. दोऱ्याभोवतीचं फेल्टच फाटलं होतं. तेव्हापासून मी तीन वर्षांखालच्या मुलासाठीच्या वस्तूला मणी, बटण, टिकली, घुंगरू, काहीही लावत नाही. डोळे रेशमानं भरते.

तान्ह्या बाळाची श्वासनळी पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. खेळण्यांच्या भारतीय मानकात, आयएस ९८७३ मध्ये, तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक तपासणी नळी सांगितली आहे, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर. खेळण्याचा सुटा भाग किंवा निखळलेला तुकडा तीत पूर्ण मावला तर ते खेळणं नापास. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याहून थोडी मोठी वस्तूही धोक्याचीच. शिवणीसाठी त्याच मानकात ओढून पाहण्याची कसोटी आहे, सुमारे ७० न्यूटनची. सात किलो जोंधळ्याची पिशवी त्या टाक्याला लटकवली तर तो उसवता कामा नये, असा त्याचा घरगुती अर्थ. पंख, शेपूट, चोच यांची जोडणी या हिशेबानं व्हायला हवी. दाबल्यावर वाजणारी किंवा उजेड पाडणारी चिप आत घालण्याचा मोह टाळावा. तिच्यातली बटणाएवढी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते.

वयाचा हिशेब मी असा धरते. पहिल्या वर्षात जे तोंडात जाणार ते जुन्या सुती कापडाचं असावं, फेल्टचं नको. सुती कापड रोज उकळत्या पाण्यात धुता येतं, लोकर तशी धुता येत नाही. पाळण्यात झोपलेल्या बाळाजवळ मात्र सुतीही नको. बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिलं वर्षभर बाळानं सपाट, टणक बिछान्यावर, पाठीवर, उशीशिवाय आणि मऊ खेळण्यांशिवाय झोपावं. राळ्याची किंवा मोहरीची उशी डोक्याला आकार यावा म्हणून आपल्या आज्यांनी प्रेमानं शिवली, पण ती आता आठवणीपुरती ठेवावी. कुंचीही बारशाच्या कौतुकासाठी घालावी, फोटो निघाले की उतरवावी. झोपेत तिचा पदर तोंडावर येऊ शकतो.

फेल्टला पहिल्या वर्षात एकच जागा आहे, आणि ती चिमणाळ्याची. जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यांत नीट दिसतं. दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढं हे अंतर. गडद-फिकट फरक त्याला आधी कळतो, रंगांची चांगली ओळख चार-पाच महिन्यांपर्यंत होत जाते. म्हणून पहिल्या महिन्यांसाठी काळी-पांढरी चिमणी करावी, फिका गुलाबी आणि फिका निळा हे आपल्या डोळ्यांचे लाड आहेत. आणखी एक गोष्ट शिवताना सहसा सुचत नाही. पाखराचं पोट शिवावं. आपण बाजूनं बघतो तेव्हा सुंदर दिसणारी चिमणी खाली झोपलेल्या लेकराला नुसती एक रेघ दिसते. नक्षी खालच्या अंगाला हवी.

शिवण सोपी आहे. थेंबाच्या आकाराचे, वीतभर नव्हे, हाताच्या तळव्याएवढे दोन तुकडे कागदावर आखून कातरावेत. डोळे, चोच, पोटावरची नक्षी आधी भरून घ्यावी, कारण मग उलट्या बाजूच्या गाठी आत लपतात. रेशमाच्या सहा पदरी लडीतले दोन पदर सुईत घ्यावेत आणि कडेनं काजटाका घालत जावं, टाक्याटाक्यांत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. पंख नुसते वर चिकटवू नयेत, दोन थरांच्या मध्ये धरून शिवणीत घ्यावेत. कापूस भरताना एकदम बोळा कोंबला तर पाखरू गाठाळ होतं, शेंगदाण्याएवढे पुंजके आधी शेपटीच्या टोकात आणि शेवटी पोटात भरावेत. सावरीचा कापूस मऊ असतो, पण त्याचे तंतू उडतात आणि बारीक फटीतून बाहेर येतात. साधा पिंजलेला कापूस बरा. चिमणाळं हाताच्या टप्प्याबाहेर टांगायचं आणि लेकरू हातांवर रेटून छाती उचलू लागलं, साधारण पाचव्या महिन्यात, की उतरवून ठेवायचं. लोंबता दोरा आणि पकडणारा हात एकत्र येऊ द्यायचे नाहीत.

तीन वर्षांनंतर फेल्टचं राज्य सुरू होतं. बोटात घालायच्या बाहुल्या, कापडी पुस्तकाची पानं, बटण लावायला शिकवणारा झब्बा. फेल्ट फेल्टला चिकटतं, दोन्हींचे तंतू एकमेकांत किंचित अडकतात. त्यामुळे एका फळीवर फेल्ट ताणून लावलं की त्यावर डिंकाशिवाय चित्रं बसतात आणि काढता येतात. अंगणवाडीत काऊ-चिऊची गोष्ट सांगताना पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, तो चिऊच्या दारात आला, हे सगळं मुलंच स्वतःच्या हातांनी फळीवर हलवू शकतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला काम नेलं, तेव्हा महागडी माँटेसोरी साधनं बाजूला ठेवून आसपास मिळेल त्यातून साधनं करण्याचा आग्रह धरला. शिंप्याकडची कातरणं, जुना स्वेटर आणि एक फळी एवढ्यावर धाराशिवमधल्या कोणत्याही अंगणवाडीत हे होऊ शकतं, आणि ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

बचत गटातल्या ज्या बायकांना ही पाखरं विकायची आहेत त्यांनी नियम बघून घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट दिली गेली. घरच्या बारशाला शिवलेल्या भेटीला चिन्ह लागत नाही. नळीची आणि ओढून पाहण्याची कसोटी तिथेही लावावीच.

लेकरू रांगू लागलं, चिमणाळं उतरलं, की ते ट्रंकेत जातं, आणि इथे एक चूक हमखास होते. लोकरीला कसर लागते म्हणून आत नॅफ्थलीनच्या गोळ्या टाकल्या जातात. पुढच्या बाळंतपणात तीच दुपटी, तीच कुंची, तोच स्वेटर थेट तान्ह्याच्या अंगावर चढतो. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. त्यांच्या अंगात नॅफ्थलीनची वाफ गेली तर तांबड्या पेशी फुटतात आणि जीवघेणी कावीळ होऊ शकते. बाळाच्या वस्तूंच्या ट्रंकेत गोळ्या कधीच टाकू नयेत. पाखरं झटकून दोन दिवस कडक उन्हात ठेवावीत, सुती फडक्यात घट्ट बांधावीत, सोबत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून पुन्हा ऊन दाखवावं. आजोळचं माळवद आता राहिलं नाही, तिथे स्लॅब पडली. बांधकामाच्या वेळी मामीनं गवंड्याला सांगून स्लॅबच्या सळईला एक कडी अडकवून घेतली. कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळलेल्या पाच चिमण्या तिच्या ट्रंकेत आहेत, आणि धाकट्या नातसुनेला सातवा महिना आहे.